बाबांचा अंगठा

आमच्या गॅरेजच्या डाव्या अंगाला स्टीलच्या भांड्यांचे तीन गाळे होते आणि उजव्या अंगाला पॉलिशवाला. सकाळी नऊला पत्रा ठोकायला सुरुवात व्हायची ती थेट संध्याकाळपर्यंत. मधे जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास शांत गेला तर आम्हालाच चुकल्यासारखं व्हायचं. त्या आवाजात माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत, आणि घरी गेल्यावरही तशीच ओरडत. आमच्या आईचं म्हणणं होतं की तिचं लग्न एका माणसाशी झालं आणि संसार एका भोंग्याशी. आता मी इंद्रलोक नावाच्या वसाहतीत सातव्या मजल्यावर राहते. खालच्या रस्त्यावरून विजेच्या स्कूटर जातात त्यांचा आवाजही वर येत नाही. गॅलरीत उभी राहून मी त्यांच्याकडे बघते आणि मला त्यांच्याबद्दल काहीच कळत नाही. ज्या गाडीला श्वासच नाही तिचं दुखणं ओळखायचं कसं, हे माझ्या वयाच्या मेकॅनिकला आता कोण शिकवणार!

हे श्वासाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मोटारसायकलचं इंजिन आत घेतलेली हवा दाबतं. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत चांगली असेल तर हवा घट्ट कोंडली जाते. झिजली असतील तर ती कडेने निसटते. त्या दाबाला पुस्तकात कॉम्प्रेशन म्हणतात, आमच्याकडे दम म्हणत. चांगला मिस्त्री किकचा आवाज ऐकूनही दमाचा अंदाज बांधतो, पण आमच्या गल्लीत आवाज कसला ऐकणार? म्हणून बाबा अंगठा लावायचे. इंजिन पाच मिनिटं चालवून गरम करायचं, बंद करायचं, प्लग काढायचा आणि प्लगच्या भोकावर उजव्या हाताचा अंगठा दाबून किक मारायची. आतली हवा अंगठ्याला ढकलते. किती जोराने ढकलते, एका झटक्यात ढकलते की रेंगाळत, अंगठा उडवते की नुसती बाजूने फुसफुसते, यावरून बाबा निकाल द्यायचे. निकाल तीनच होते. दम हाय, अर्धा हाय, दम न्हाय. चटका बसायच्या आत अंगठा उचलायचा हे त्यातलं कसब.

जुनी गाडी घ्यायची असली की नवघरपासून उत्तनपर्यंतची माणसं आमच्याकडे यायची. घेणारा आणि देणारा दोघंही बरोबर यायचे, असा रिवाजच पडला होता. घेणाऱ्याच्या पिशवीत नारळ असायचा. बाबा आधी कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, पुसायचे, आणि तोवर कुणी गाडीबद्दल त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही. देणाऱ्याने बोलायला सुरुवात केलीच तर बाबा हात वर करायचे. 'दम हाय' म्हटलं की नारळ तिथेच पायरीवर फुटायचा आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्याही हातात यायचा. 'दम न्हाय' म्हटलं की घेणारा नारळ तसाच घरी न्यायचा आणि देणाराही वाद घालायचा नाही. बाबांच्या शब्दावर वाद घातलेला मी कधी पाहिला नाही. आमच्या घराण्यात हे अंगठ्याचं वेड तसं जुनंच. आजोबांचं मिठागर होतं. ते खाऱ्या पाण्याचा थेंब अंगठा आणि बोटात चोळून सांगायचे की मीठ उद्या धरेल की परवा. मिठागर गेलं, त्यावर भरणी पडली, बाबांनी हातात पाने घेतले, पण आपल्या कातडीवरचा विश्वास तेवढा आजोबांकडून जसाच्या तसा घेतला.

बारावीला इंग्रजीत आपटले तेव्हा मी घरात आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. नवव्या दिवशी बाबा म्हणाले, "बाय, उठ. प्लग साफ करायला तरी चल." आई म्हणाली, "पोरीच्या जातीला तिथे काय करायचा?" बाबा म्हणाले, "प्लगला काय कलतंय पोर हाय का पोरगा." एवढ्यावर माझं शिक्षण ठरलं. मी गेले ते पुढे पस्तीस वर्षं तिथेच होते. सकाळी आई तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून द्यायची, पण दुपारचं जेवण आम्ही घरी येऊनच करायचो, कारण बाबांना भात लागायचा आणि तो डब्यातला चालायचा नाही. भात पानात पडला की त्यातून वाफ निघाली पाहिजे, आणि कालवण त्यावर ओतलं की ते बोटांनी लगेच कालवता आलं पाहिजे. गरम भात बोटांना सोसेना तर तो माणूस कसला, असं ते आम्हाला हिणवायचे.

गॅरेजात जाऊन मला वर्ष झालं असेल तेव्हा बाबा एक दिवस मुंबईहून येताना कापडात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आले. घड्याळासारखी गोल तबकडी, त्यावर काटा, खाली रबरी नळी आणि नळीच्या टोकाला आटे. प्लगच्या जागी ती पिळून बसवायची, किक मारायची, आणि काटा दाब सांगणार. मोठ्या गॅरेजांत लोक तेव्हा तो गेज वापरू लागले होते. मी चकित झाले. या माणसाने अशा गोष्टींची जन्मभर टर उडवली होती. मी विचारलं तर म्हणाले, "माझ्यासाठी न्हाय आनला. तुना शिकायचंय ना? लोकांना आता आकडा लागतो." मग त्यांनीच मला शिकवलं. किक आठ मारायच्या, काटा चढायचा थांबेपर्यंत. आणि मुख्य म्हणजे किक मारताना ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळून धरायची. मूठ सुटली की इंजिनाच्या तोंडावरचं दार बंद होतं, आत हवाच जात नाही, आणि धडधाकट इंजिनही मेल्यासारखा आकडा दाखवतं. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी तीनदा सांगितलं.

तेव्हापासून नवी पद्धत सुरू झाली. आधी गेज लावायचा. बाबा किक मारायचे, मी मूठ धरायची, काटा वाचायचा आणि त्यांच्या कानात आकडा सांगायचा. मग ते गेज काढून अंगठा लावायचे, पुन्हा किक मारायचे, आणि मान हलवून म्हणायचे, "बरोबर." दर वेळी बरोबर! मला वाटायचं, आपण किती लवकर तयार झालो. मी आईला सांगायची की माझा काटा आणि बाबांचा अंगठा कधी एका पौंडानेही चुकत नाही. आई काही बोलायची नाही, ताटं घ्यायला लागायची. तिचं ते न बोलणं मी तेव्हा कौतुक समजले. हल्ली बाबा अंगठा जरा जास्त वेळ टेकवून ठेवतात हेही माझ्या लक्षात आलं होतं. वाटलं, वय वाढतंय तसे अधिक कसोशीने बघतायत.

गेज येऊन वर्ष होत आलं तेव्हा एका सकाळी फिलूबाई नावाच्या मासे विकणाऱ्या बाई आल्या. उत्तनजवळच्या तारोडीहून बर्फाच्या टेम्पोत गाडी घालून त्या स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून आल्या होत्या. नवऱ्याला जाऊन वर्ष होऊन गेलं होतं आणि तेव्हापासून गाडी घराच्या मागे शेडमध्ये उभी होती. आमच्याकडे येणाऱ्या शंभर सीसीच्या गाड्यांमध्ये ती मी लांबूनही ओळखली असती. पेट्रोलच्या टाकीवर त्या माणसाने होडीचा उरलेला निळा रंग लावला होता आणि त्यावर पांढऱ्या रंगात, आपल्याच हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत होडीचं नाव लिहिलं होतं, 'मारिया'. खाऱ्या वाऱ्याने चाकाच्या तारा तांबारल्या होत्या, पण टाकी कुणीतरी रोज पुसत असावं. हँडलवर, उजव्या मुठीशी, लाकडी मण्यांची रोझरी, म्हणजे ख्रिस्ती लोकांची जपमाळ, गुंडाळलेली होती. उत्तनकडच्या बहुतेक गाड्यांवर ती असायची.

बाई उंच, हाडापेराने मजबूत, आवाज चढा. म्हणाल्या, "भावा, मना दुरुस्ती नको सांगू. जिती हाय का मेली येवढाच सांग. जिती असली तर दीर चालवील, टोपली घेऊन मना बाजारात सोडील. मेली असली तर मना परत घरात नको. तिच्याकडे बघत मी अजून एक वरीस न्हाय काढू शकत." बाबांनी मान हलवली आणि हात धुवायला गेले. गाडी चालू व्हायला वेळ लागला. धूर सोडत, अडखळत ती पाच मिनिटं चालली. मग बाबांनी प्लग काढला, मी गेज पिळून बसवला, आणि बाबा किकवर पाय ठेवून वाकले. "धर," ते ओरडले. मी मूठ पिळली.

त्याच क्षणी फिलूबाईंनी माझ्या खांद्याला हात लावला. कानाशी येऊन म्हणाल्या, "बाय, ती माल मना दे गं. मेली म्हनून सांगितलात तर मग मना तिला हात लावायला व्हायचा न्हाय. आत्ताच दे." मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते, पण हात आधीच पुढे केलेला होता. आणि मी मूठ सोडली. दोन्ही हातांनी ती रोझरी सोडवायला लागले. दोरा गंजाने हँडलला चिकटला होता, नखाने खरवडावा लागला. बाजूला पत्र्यावर ठोके पडत होते आणि बाबा खाली मान घालून किक मारत होते. रोझरी फिलूबाईंच्या तळहातावर ठेवली तेव्हा आठवी किक झाली होती. "कति?" बाबांनी विचारलं. मी काटा वाचला. "सत्तर." सत्तर म्हणजे काहीच नाही. चांगलं इंजिन याच्या दुप्पट दाखवतं.

बाबांचं तोंड उतरलं. गेज काढला, अंगठा लावला. या वेळी मी मूठ धरली, पूर्ण पिळून धरली, हे मला लख्ख आठवतं. त्यांनी तीन किका मारल्या. अंगठा भोकावर जरा तिरका बसलेला दिसत होता, हवा कडेने जात असावी, पण तो त्यांनी तसाच दाबून धरला होता. मग उठले, फिलूबाईंच्या कानाशी गेले आणि म्हणाले, "दम न्हाय, बाई. गेला इंजिन." बाईंनी रोझरी मुठीत आवळली. "बरा," एवढंच म्हणाल्या. टाकीवरून एकदा हात फिरवला, आणि मग बाबांना म्हणाल्या की तूच काय ती तिची वाट लाव, मी आता मागे बघत नाही. त्या स्टेशनच्या दिशेने चालायला लागल्या. दोन गल्ल्या पलीकडे जेठाभाईंचं भंगाराचं आवार होतं. बाबांनी निरोप धाडला, त्यांची माणसं आली आणि गाडी ढकलत घेऊन गेली.

त्या दिवशी जेवायला बोंबलाचं कालवण होतं. ताजे बोंबील, चिंचेचं आंबट, वर लसणीचा ठेचा. आईने बाबांच्या पानात भात वाढला, त्यातून वाफ निघत होती, त्यावर उकळतं कालवण ओतलं. बाबा नेहमीसारखे पाची बोटांनी कालवू लागले. मी समोर बसले होते. त्यांच्या अंगठ्याच्या पेरावर मला पांढरं काहीतरी दिसलं. आधी वाटलं भाताचं शीत आहे. मग नीट पाहिलं. अंगठ्याच्या गादीवर रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता, कातडी एका बाजूला गोळा झाली होती आणि खालचं लाल मांस उघडं पडलं होतं. त्या उघड्या मांसाने ते वाफाळतं, चिंचेचं, तिखट कालवण भातात मिसळत होते आणि आईला विचारत होते की आज मीठ कमी का आहे.

"बाबा, अंगठा भाजलाय तुमचा," मी म्हणाले. त्यांनी हात वर करून अंगठ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही. शेजारच्या पानावर बसलेल्या माणसाचा अंगठा बघावा तसे ते बघत होते. मग झटकन मूठ मिटली आणि हात मांडीखाली घेतला. मी आईकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते. तिला माहीत होतं. वर्षभर ती त्यांच्या शर्टाची बटणं लावून देत होती आणि मला वाटत होतं की म्हातारपणी यांच्यात प्रेम वाढलंय. साखर रक्तात किती होती, डॉक्टरने काय सांगितलं होतं, हे सगळं मला पुढे कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की या अंगठ्याला काही कळत नाही. कधीपासून कळत नाही, तेही त्याच दमात कळलं, कारण गेज घरात कधीपासून आहे ते मला ठाऊक होतं. मी त्यांच्या कानात आकडा सांगत होते आणि ते तोच आकडा मला 'बरोबर' म्हणून परत देत होते. मी शिकत नव्हते. ते माझ्या डोळ्यांनी बघत होते.

राग आला मला. खोटं कशाला सांगू? फसवल्याचा राग आला. मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी दुसरी गोष्ट आठवली. अंगठा जर मुका होता तर आज सकाळचा निकाल एकट्या काट्याचा होता. काटा माझा होता. आणि काटा चढत होता तेव्हा माझा उजवा हात कुठे होता? माझ्या नखांत अजून त्या दोऱ्याचा गंज होता.

"बाबा, मी मूठ सोडली होती," मी म्हणाले. "तिला माळ देताना. आठच्या आठ किका मूठ सुटलेली होती." मग मी तेही बोलले, जे मुलीने बापाला बोलू नये असं तेव्हा मला वाटत होतं. "तुम्हाला कळायला हवं होतं. मी दुसऱ्यांदा मूठ धरली होती. अंगठ्याला कळायला हवं होतं." बाबांनी मला मारलं असतं तरी चाललं असतं. ते उठले, हात धुतला, कोपऱ्यातली गेजची पिशवी माझ्या हातात दिली आणि चपला घातल्या. आईने त्यांच्या पानावर दुसरं ताट झाकून ठेवलं.

जेठाभाईंच्या आवारापर्यंत ते माझ्या पुढे चालत होते. इतक्या वेगाने चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या नावाचं काय होईल हा विचार माझ्या मनात येत होता आणि त्याची मला लाजही वाटत होती, कारण तिकडे एखादा माणूस हातोडा घेऊन त्या इंजिनावर बसला असेल. जेठाभाई दारातच भेटले. बाबांनी गाडीचं विचारताच ओरडून म्हणाले, "अरे, इंजिन तसाच हाय, हात नाय लावला कोनी. पण टाकी गेली ना! पत्र्याच्या टेम्पोमधी. बारा वाजता निकल गया." बाबा जागच्या जागी उभे राहिले. गाडी आत भिंतीला टेकवलेली होती. चाकं होती, इंजिन होतं, हँडल होतं, आणि जिथे निळी टाकी होती तिथे नुसत्या सांगाड्याची नळी दिसत होती.

जेठाभाईंनी पेट्रोलची बाटली वर टांगून दिली आणि आम्ही इंजिन गरम केलं. मी गेज बसवायला गेले तर बाबांनी माझा हात धरला. जेठाभाई आणि त्यांची चार माणसं गोल करून उभी होती. आमच्या बाबांचा अंगठा बघायला लोक नेहमीच उभे राहायचे. "काटा मागून," बाबा म्हणाले. "अंगठा लाव. तुझा." मग ते जेठाभाईंकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझा न्हाय चालत आता. वरीस झाला. मना काय कलत न्हाय त्यात." बाबांनी मूठ पूर्ण पिळली, दुसऱ्या हाताने सीट धरली आणि किकवर पाय ठेवला. मी अंगठा टेकवला. त्या गरम लोखंडाचा चटका आधी लागला, आणि मग खालून काहीतरी आलं आणि माझा अंगठा उडवून गेलं. मी पुन्हा दाबला, पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा दोन्ही हातांचं बळ लावून दाबला तरी राहिला नाही. मला रडू फुटलं. "आहे," मी म्हणाले. "बाबा, आहे." मग गेज लावला तो फक्त रीत म्हणून. काटा एकशे पंचेचाळीसवर थांबला.

भंगारातून एक लाल टाकी शोधून जेठाभाईंनी स्वतः बसवून दिली आणि त्याचं काही घेतलं नाही. ऊन कलायच्या आत आम्ही तारोडीला पोचलो. गाडी मी चालवत होते, बाबा मागे बसले होते. एका चढावर मी मूठ पिळली तशी ती गाडी अशी काही उचलली की बाबांनी माझा खांदा धरला. डावा हात होता तो.

फिलूबाई अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घालत होत्या. आवाज ऐकून त्यांनी वर पाहिलं. आधी गाडीचा आवाज ओळखला असावा, कारण तोंड उजळलं. मग टाकी दिसली. मी गाडी बंद करून धावत पुढे गेले आणि म्हणाले की चूक माझी आहे, मी माळ सोडवताना मूठ सोडली, इंजिन चांगलं आहे. बाबांनी मला मागे घेतलं. "बाय, थांब," ते म्हणाले. "तुझी चूक आजची हाय. माझी वरसाची." मग त्यांनी फिलूबाईंना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. टाकीचं सांगताना मात्र त्यांना दोनदा थांबावं लागलं.

फिलूबाईंनी लाल टाकीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "हा त्याचा न्हाय," त्या म्हणाल्या. मी खाली बघत राहिले. ती वाकडीतिकडी अक्षरं कुठल्या तरी भट्टीकडे चालली होती आणि ती आणायला आता कुणीही जाऊ शकत नव्हतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग ओच्यातून रोझरी काढली आणि हँडलला, उजव्या मुठीशी, होती तिथेच बांधली. वळल्या तेव्हा त्यांना बाबांचा अंगठा दिसला. त्यावर चालताना उडालेली धूळ बसली होती. "ह्यो काय केलास रे?" त्या म्हणाल्या, त्यांना ओट्यावर बसवलं, आतून पाणी आणि खोबरेल आणलं. तो हात आपल्या मांडीवर घेऊन त्यांनी लोंबणारी कातडी कात्रीने कापली, जखम धुतली. त्यांच्या हाताला बोंबलांचं खारं पाणी होतं. ते आठवून त्या मधेच थांबल्या. विचारलं, "झोंबतंय का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. "न्हाय," ते म्हणाले.

घरी आल्यावर आईने झाकलेलं ताट काढलं. भात गार झाला होता. बाबांनी तो तसाच खाल्ला, चमच्याने. त्यानंतर त्यांनी कुठल्याही इंजिनावर अंगठा ठेवला नाही. लोक येत राहिले, पण सगळे नाही. काहींनी पूर्वी घेतलेल्या गाड्या परत तपासायला आणल्या आणि आम्ही त्या एकेक करून तपासल्या. दोन निकाल चुकलेले निघाले. बाबांनी त्या दोघांच्याही गाड्या दुरुस्त करून दिल्या आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाही. हात धुवून मी पुढे व्हायची आणि बाबा मूठ धरायचे. मूठ कशी धरावी हे मी त्यांच्याकडे बघून शिकले. किक थांबून मी उठून उभी राहीपर्यंत ते ती सोडत नसत, मग शेजारी आग लागली तरी.

हे सगळं आत्ता लिहायला घेतलं त्याला कारण झालं. मागच्या महिन्यात सून मला मीरा रोडला एका डॉक्टरकडे घेऊन गेली. साखर मलाही आहे, दहा वर्षं झाली. डॉक्टर म्हणजे माझ्या नातीएवढी मुलगी. तिने एक नायलॉनचा बारीक तंतू काढला आणि म्हणाली, "आजी, डोळे मिटा. मी याने टोचत जाईन. लागलं की हो म्हणायचं." मी डोळे मिटले. पायाला लागत होतं, हो म्हणत गेले. मग ती हाताकडे आली. बोटं झाली. मधेच माझ्या लक्षात आलं की टोचण्याआधी ती दर वेळी खुर्ची पुढे ओढते. खुर्ची वाजली की हो म्हणायचं, एवढं केलं की झालं. सून बाजूला बसली होती. घरी जाऊन तिने सगळ्यांना सांगितलं असतं की आजी ठणठणीत आहे. खुर्ची वाजली. अंगठ्याला काही जाणवलं नाही. मी थांबले. पुन्हा खुर्ची वाजली. "आजी, आता? लागतंय का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.